बँकॉक : सात टेबलांची खाणावळ आणि टेबलावरची चौकडी

उलथनं

ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे बँकॉकला आलोय. मुक्काम आरी स्टेशनजवळच्या एका सोईत. सोई म्हणजे मोठ्या रस्त्याला फुटलेली गल्ली. पहिल्या दिवशी दुपारी इथल्या सहकाऱ्यांच्या मागे मागे एका खाणावळीत गेलो आणि तेव्हापासून दुपारचं जेवण तिथेच. धागा काढायचं कारण म्हणजे पहिले चार दिवस मी तिथे चक्क चुकीचं जेवलो.

आधी जागा सांगतो. वर घर, खाली दुकान असा जुना गाळा. समोर भिंत नाही, शटर वर गेलं की पुढे थेट रस्ता. सात टेबलं, पाठ नसलेली प्लास्टिकची स्टुलं, आणि भिंतीवर एक पंखा जो फक्त तिसऱ्या टेबलाला वारा घालतो. स्वयंपाक मागे कुठे चालत नाही, तो पुढ्यात, फुटपाथला लागून. आत शिरायचं तर कढईला वळसा घालूनच. कढईवर पन्नाशीची एक बाई. तिचा नवरा (असावा) भात वाढतो, ताटल्या पोचवतो. एक मुलगी ग्लासात बर्फ भरते, पैसे घेते आणि मधल्या वेळात मोबाईल बघते. बारा ते एक या वेळात आसपासच्या ऑफिसांतली सगळी माणसं इथे लोटतात. स्टूल रिकामं दिसलं की मान हलवून विचारायचं आणि टेकायचं.

त्या बाईचं काम बघत बसावं असं आहे. लसूण-मिरचीचा ओबडधोबड ठेचा डब्यात तयार. कढईतून धूर निघायला लागला की तेल, त्यात चमचाभर ठेचा, आणि पुढच्या पाच सेकंदांत पहिल्या टेबलापासून शेवटच्या टेबलापर्यंत सगळ्यांना ठसका. ती स्वतः मात्र कधी खोकताना दिसली नाही. मग खिमा, तो मोकळा होईस्तोवर उलथन्याचे फटके, दोन-तीन बाटल्यांतून एकेक धार, चिमूटभर साखर, जरासं पाणी, गॅस बंद, वरून मूठभर पानं आणि एकच परतणी. एकदा घड्याळ लावून पाहिलं, पावणेदोन मिनिटं. अंडं दुसऱ्या कढईत, इतक्या तेलात की ते तळलंच जातं. कडा तपकिरी आणि जाळीदार, बलक वाहता. भातावर खिमा, त्यावर अंडं, बाजूला काकडीच्या तीन चकत्या. साठ बाट, अंड्याचे दहा वेगळे.

तर चार दिवस मी ताटली आली की खाली मान घालून जेवत होतो. वाईट अजिबात नव्हतं, पण काहीतरी कमी पडतंय असं वाटायचं. नूडल्सच्या सूपच्या बाबतीत तर फारच. परदेशी बघून बाई हात आखडता घेतेय असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. पाचव्या दिवशी समोर साठीचे एक गृहस्थ येऊन बसले. त्यांचं सूप आलं. आधी नुसतंच एक चमचा प्यायले आणि थांबले. मग टेबलाच्या मधोमध असलेली चार बरण्यांची चौकडी त्यांनी पुढे ओढली. हीच चौकडी मी चार दिवस कोपर लागू नये म्हणून बाजूला सारत होतो! एका बरणीत मिरचीच्या चकत्या घातलेलं व्हिनेगर, एकीत सुक्या लाल मिरचीची भरड, एकीत फिश सॉस, आणि चौथीत साखर. गृहस्थांनी व्हिनेगर घातलं, भरड घातली, फिश सॉसचे थेंब सोडले आणि वर अर्धा चमचा साखर टाकली. सूपमध्ये साखर! ढवळून पुन्हा चव घेतली, समाधानाने मान डोलावली, आणि माझ्या वाडग्याकडे बघून काही न बोलता चौकडी माझ्याकडे सरकवली.

मी त्यांची नक्कल केली. सूप तेच होतं. आधी आंबट लागलं, मागून तिखट आलं, आणि साखर म्हणून वेगळी कळलीच नाही, फक्त त्या दोघांमधलं भांडण मिटलं.

म्हणजे बाई हात आखडता घेत नव्हती. ती स्वयंपाक मुद्दाम पाऊण वाटेवर सोडते. शेवटचा हात जेवणाऱ्याने फिरवायचा असतो, आणि मी चार दिवस अर्धवट शिजलेल्या पंगतीला बसून यजमानाला नावं ठेवत होतो.

आता जाणकारांनी सांगा. हे सगळ्याच पदार्थांना चालतं का? ती बरण्यांची ढवळाढवळ बघून रागावणार नाही ना? आणि पुढच्या आठवड्यात एक शाकाहारी सहकारी येतोय (अंडं खातो), त्याला इथे नेलं तर काय होईल?

खादाडखान

लेख झकास. पण खाणावळीचं नाव कुठाय? फोटो नाही, नाव नाही, नुसता ठसका. हा अन्याय आहे.

अर्धाचमचा

सहा वर्षं बँकॉकात काढली आहेत, त्यामुळे राहवत नाही.

त्या चौकडीला ख्रुआंग प्रुंग म्हणतात, चव जमवायचं सामान. आंबट, तिखट, खारट, गोड, चारी चवी समोर ठेवलेल्या. बाई रागावणार नाही, उलट तिचं अर्धं डोकं वाचतं. दुपारी दीडशे माणसांना प्रत्येकाच्या जिभेप्रमाणे कोण करून देईल? फक्त एक पथ्य, ते तुमच्या गृहस्थांनी पाळलं आणि तुमच्या लक्षातही आलं: पहिला चमचा तसाच प्यायचा. न चाखता चार बरण्या उपड्या करणारा माणूस मात्र कढईवरच्या बाईला खटकतो.

चौकडीचं खरं राज्य नूडल्सवर. तिथे निवडही तुमचीच: सेन मी म्हणजे शेवयांसारख्या बारीक, सेन लेक जरा रुंद, सेन याय पट्ट्यांसारख्या, या तिन्ही तांदळाच्या. बामी पिवळ्या, गव्हाच्या, अंड्याच्या. मग रश्श्यात की कोरड्या. कोरड्या म्हणजे हॅंग.

भाताच्या पदार्थांना चौकडी नाही, तिथे एक वाटी असते, फिश सॉसमध्ये बुडवलेल्या मिरच्यांच्या चकत्यांची. फ्रिक नाम प्ला. भातावर अर्धा चमचा, तोही मिरच्या बाजूला सारून. अंड्याच्या बलकावर दोन थेंब टाका आणि मग मला सांगा. साखर भातावर घालू नका, हसतील.

आणि हो, काटा डाव्या हातात, चमचा उजव्या. काट्याने घास चमच्यावर ढकलायचा, तोंडात जातो तो चमचा. चॉपस्टिक फक्त नूडल्सच्या वाडग्याला. भातासाठी चॉपस्टिक मागणारे पर्यटक बघून आमच्या कोपऱ्यावरच्या मावशी शांतपणे चमचा आणून ठेवायच्या.

दुर्वांकुर

उलथनं, तुम्ही ‘मूठभर पानं’ म्हणून पुढे गेलात, पण तीच तर गंमत आहे. ती पानं तुळशीची.

त्या पदार्थाचं नाव फत कफ्राव. फत म्हणजे परतलेलं, कफ्राव म्हणजे तुळस. साधर्म्य वगैरे नाही, वनस्पतिशास्त्रात जात एकच, ऑसिमम टेन्युइफ्लोरम. तिथेही लाल आणि पांढरी असे दोन प्रकार मानतात, जसे आपल्याकडे कृष्ण तुळस आणि राम तुळस. हिरव्या रश्श्यात पडते ती वेगळी, होराफा, तिला बडीशेपेसारखा वास. ती सब्ज्याच्या घराण्यातली. परदेशातल्या बऱ्याच थाई हॉटेलांत कफ्रावच्या नावाखाली होराफा खपवतात, कारण खरी तुळस मिळत नाही. चव साफ बदलते. तुळस गरम तेलात पडली की लवंगेसारखा, जरासा औषधी झणका येतो.

गॅस बंद करून पानं घालते हे तुम्ही बरोबर टिपलंत. जास्त परतली की पानं काळी पडतात आणि वास उडतो.

कडूजहर

खिम्यात तुळस? वाचून कसंतरीच झालं. मी मांसाहारी आहे, सोवळं वगैरे काही नाही, पण हे मला जमणार नाही.

दुर्वांकुर

नका खाऊ की! त्यांच्यासाठी ती स्वयंपाकाची पानं आहेत, तुमच्यासाठी वृंदावनातली. दोन्ही खरं आहे.

अर्धाचमचा

कडूजहर, तुमच्यासाठी त्याच कढईतला दुसरा पदार्थ: क्राथियम फ्रिक थाय. लसूण आणि मिरी. तळलेला लसूण वरून भरपूर.

आता या नावातच एक गोष्ट दडली आहे. मिरचीला फ्रिक म्हणतात आणि मिरीला फ्रिक थाय, म्हणजे ‘थाई फ्रिक’. मूळची फ्रिक ही मिरीच. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले, १५११ मध्ये मलाक्का घेतलं आणि त्याच वर्षी त्यांचा वकील अयुथ्थयाच्या (तेव्हाच्या थाई राज्याच्या) दरबारात पोचला. अमेरिकेतली मिरची आशियात पसरली ती त्यांच्या जहाजांमुळे. नव्या पाहुणीने जुन्या मालकिणीचं नाव बळकावलं आणि मालकिणीला आडनाव लावून घ्यावं लागलं. म्हणजे आज ज्याला आपण थाई तिखट म्हणतो त्याचं वय पाचशे वर्षं. कच्च्या पपईचंही तेच, सोम ताम या कोशिंबिरीतली पपई अमेरिकेचीच.

ठसका

तिखटावरून माझी फजिती सांगतो. थाईत ‘मै’ म्हणजे नाही, हे मी विमानात पाठ केलं होतं. ‘फेत’ म्हणजे तिखट. झालं, मी सगळीकडे ‘फेत मै’ म्हणत सुटलो. तिखट नको. समोरचा माणूस दरवेळी हसून म्हणे, “फेत, फेत!” आणि खरोखरच जाळ आणून ठेवी. तीन दिवस पोटात वणवा. चौथ्या दिवशी हॉटेलातल्या मुलीने सांगितलं की ‘मै’ आधी आला तर नकार, शेवटी (आणि सूर वर चढवून) आला तर प्रश्न. मी तीन दिवस विचारत होतो, “तिखट आहे का हो?” आणि लोक बिचारे प्रामाणिकपणे उत्तर देत होते.

‘मै फेत’ म्हणा. किंवा ‘फेत नित नोय’, थोडंसंच तिखट. त्यांचं थोडंसंही आपलं बऱ्यापैकी असतं.

अनुस्वार

ठसका, _/\_

याला जोडून एक सांगतो. थाई भाषेचे सूर आपल्याला अवघड जातात, पण एका बाबतीत मराठी माणूस इंग्रजी माणसापेक्षा कितीतरी पुढे असतो. थाईत क आणि ख, प आणि फ, त आणि थ वेगळे. आपण बाराखडीतच हे शिकून आलेलो.

कै म्हणजे कोंबडी. खै म्हणजे अंडं. दोन्हींचा सूर एकच, खालचा. फरक फक्त क-ख चा. पेत म्हणजे बदक, फेत म्हणजे तिखट. पुन्हा सूर तोच. मात्र हा फ ओठ मिटून, फणसातला. फॅनमधला नको. रोमन लिपीतली पाटी वाचून बोलू नका, तिथे एकाच पदार्थाची चार स्पेलिंगं असतात. कानाने ऐका आणि देवनागरीत लिहून ठेवा. माझ्या खिशात अशी एक चिठ्ठी कायम असायची.

घासफूस

अनुस्वार, ही चिठ्ठी मला दोन वर्षांपूर्वी हवी होती! मी अंडं खाते, चिकन नाही. ऐटीत ‘खाव फत कै’ मागितलं. अंड्याचा परतलेला भात म्हणून. समोर चिकनचा आला. परत केला, पुन्हा तेच मागितलं, पुन्हा चिकन. तिसऱ्यांदा मालकाने मला कच्चं अंडं आणि कोंबडीचा तुकडा दोन हातांत धरून दाखवला. मी अंड्याकडे बोट दाखवलं. सगळी खाणावळ एका सुरात म्हणाली, “खै!”

उलथनं, तुमच्या शाकाहारी सहकाऱ्यासाठी माझा अनुभव सविस्तर लिहिते, कारण मांस घालू नका म्हटलं की काम झालं असं वाटतं आणि तिथेच फसगत होते. भाजीतही फिश सॉस असतो, ऑयस्टर सॉस असतो, आणि रस्सा असेल तर हाडांचा. सोम तामच्या खलात वाळवलेली कोळंबी पडते. रश्श्यांच्या वाटणात कपी, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट. स्वयंपाकीण फसवत नसते, तिच्या लेखी ते मीठ आहे.

दोन शब्द लक्षात ठेवायचे. एक मंगसविरत. नीट बघा, हा आपला ‘मांसविरती’. यात अंडं-दूध चालतं. दुसरा जे. हा कडक: मांस, मासे, अंडं, दूध, फिश सॉस काहीच नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. जैन मंडळींनी डोळे मिटून (खरं तर उघडे ठेवून) जे पाटीचं दुकान शोधावं. पिवळी पाटी, त्यावर लाल अक्षर, आणि ते अक्षर आकड्यांत लिहिलेल्या इंग्रजी सतरासारखं दिसतं. आम्ही त्याला ‘सतरा नंबर’च म्हणायचो.

चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत तर अख्खं याओवारात, म्हणजे तिथला चायनाटाउन, पिवळ्या झेंड्यांनी भरून जातं. जे खाण्याचा उत्सव. सर्वांत मोठा फुकेतला. बहुतेक वर्षी हा आणि आपलं नवरात्र बरोबरच येतात. २०२४ मध्ये दोन्ही ३ ऑक्टोबरला सुरू झाले होते. त्या दिवसांत गेलात तर शाकाहारी माणसाची चंगळ.

सात टेबलांच्या खाणावळीत, गर्दीच्या वेळी, एकाच कढईवर ‘जे’ची अपेक्षा मात्र ठेवू नका. कढई धुतली जाते ती पाण्याच्या एका फटकाऱ्याने. तुमचा सहकारी कितपत काटेकोर आहे त्यावर ठरवा.

रांगेचा शत्रू

चर्चा छान चाललीय, तर थोडा मिठाचा खडा (फिश सॉसचा म्हणा). गर्दी दिसली की जेवण उत्तम हे समीकरण मला पटत नाही. हॉटेलांना तारे देणारं मिशलिन गाईड बँकॉकसाठी पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये आलं. त्यात जे फाय या बाईंना एक तारा मिळाला. सत्तरी ओलांडलेली बाई, डोळ्यांवर मोठे गॉगल, कोळशाच्या शेगड्या, खेकड्याचं ऑम्लेट. कौतुकच आहे. पण ते ऑम्लेट हजार बाटच्या वर आणि रांग अर्धा दिवस. तेव्हापासून प्रत्येक छोट्या खाणावळीबाहेर माणसं मोबाईल घेऊन उभी. जेवायला आलेल्यांपेक्षा फोटोला आलेले जास्त.

अर्धाचमचा

रांगेरांगेत फरक असतो हो. पर्यटकांची रांग जागची हलत नाही. ऑफिसवाल्यांची रांग दहा मिनिटांत संपते, कारण त्यांना एक वाजता परत जायचं असतं. कढईसमोर गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं दिसली तर बिनधास्त उभे राहा. नाहीतर सव्वाअकराला जा. दीडनंतर गेलात तर पानं संपलेली असतात.

आणि जेवण झालं की उठा. तिथे गप्पा मारत बसणं बरं दिसत नाही.

खादाडखान

फत थाय (त्या परतलेल्या नूडल्स) मिळतो का तिथे? आणि नाव?

अर्धाचमचा

अशा खाणावळीत फत थाय मागूच नये. मिळेल, पण मनापासून केलेला नसेल. त्याची चिंच, ताडगूळ, सुकी कोळंबी, खारवलेला मुळा, टोफू, दाण्याचं कूट, सगळी मांडामांड वेगळी असते, त्यामुळे तो त्याच्याच गाडीवर खावा. तसा पदार्थ फार जुना नाहीच. १९३९ मध्ये सयामचं थायलंड झालं, त्या पंतप्रधान पिबुनसोंग्क्राम यांच्या राजवटीत सरकारने राष्ट्रीय नूडल्स म्हणून तो उचलून धरला. तांदळाच्या नूडल्स चिन्यांच्या, चव मात्र देशी. आजही थाई माणूस रोजच्या जेवणात ‘काय खाऊ’ सुचलं नाही की फत कफ्राव मागवतो, फत थाय नाही.

त्यापेक्षा आरीहून दोन स्टेशनं पुढे विजयस्तंभाला (व्हिक्टरी मॉन्युमेंट) उतरा आणि बोट नूडल्स (बोट म्हणजे होडी) खा. एका वाडग्यात दोन-तीन घासच असतात. रिकामे वाडगे टेबलावर एकावर एक रचत जायचे, शेवटी मोजून पैसे. सावधान: गडद दाट रस्सा असतो त्यात डुकराचं किंवा गायीचं रक्त घालतात. ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावं.

पोटपाणी

सगळे चवीवर बोलताहेत म्हणून मी माझ्या नावाला जागतो.

बर्फाला घाबरू नका. मधे भोक असलेला नळकांड्यासारखा बर्फ कारखान्यातून येतो. कढईतून समोर उतरलेलं खाणं मला कधी बाधलं नाही. बाधलं ते एकदाच, एका खाव कॅंगच्या दुकानात. तिथे भाज्या-रस्से सकाळी करून परातींत मांडून ठेवतात, आपण बोट दाखवायचं, भातावर वाढून मिळतं. सकाळी आठला हे जेवण स्वर्ग. मी गेलो दुपारी तीनला, कोमट नारळाच्या रश्श्यावर बोट ठेवलं, आणि पुढचा दीड दिवस खोलीतच काढला. चूक दुकानाची नव्हती, घड्याळाची होती.

पैशांचं: सुटे शंभरचे ठेवा. भिंतीवर क्यूआर असतो, पण तो त्यांच्या बँकांचा प्रॉम्प्टपे. हजाराची नोट दिली की मुलगी चार दुकानं फिरून येते. हजाराच्या नोटा सेव्हन-इलेव्हनमध्ये मोडायच्या. उठताना ‘केप तांग’ म्हणायचं, की हिशोब. ताटलीमागे जे सांगितलं तेवढेच पैसे. मॉलमधल्या हॉटेलात मेन्यूवर किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं दिसतात, ती १० टक्के सेवाशुल्क आणि ७ टक्के व्हॅटची. तिथे जेवून बिल बघितलं की सोईतली मावशी आठवते.

टेबलावर गुलाबी कागदाचा रोल असतो ना अजून? पातळ, ओठाला चिकटणारा?

उलथनं

असतो, असतो! एकावेळी चार लागतात.

सगळ्यांचे आभार, धागा माझ्या जेवणापेक्षा चविष्ट झालाय. अर्धाचमचा, बलकावर दोन थेंब टाकले. काल दुसरं अंडं मागवलं, आणि आज बाईने न विचारताच दोन घातली.

शाकाहारी सहकारी येऊन गेला. घासफूस यांचा सल्ला मानून आदल्या दिवशी दोनला, गर्दी ओसरल्यावर एकटाच गेलो. ‘मंगसविरत’ म्हटलं, ‘मै सै नाम प्ला’ म्हटलं, खै चालेल म्हटलं (ख वर चांगला जोर देऊन). बाईने सॉसच्या बाटल्या एकेक करून उचलून दाखवल्या: ही? नको. ही? नको. सोया सॉसवर मान हलवली. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याला टोफू, मश्रूम आणि तुळस आली, वर तारा-अंडं. खै दाव म्हणजे शब्दशः तारा-अंडं हे तिच्या मुलीने सांगितलं. सहकारी दोन घास खाऊन म्हणाला, छान आहे, पण जरा कमी पडतंय. मी काही न बोलता चौकडी सरकवली. मग आठवलं की भाताला ती लागत नाही, आणि फ्रिक नाम प्लाची वाटी त्याच्या कामाची नाही. तेवढ्यात मुलीने सोया सॉसमध्ये मिरच्या चिरून वाटी आणून ठेवली. सांगितलंही नव्हतं.

आता नाव. खादाडखान यांच्यासाठी पाटीवरची अक्षरं हुबेहूब वहीत उतरवून अर्धाचमचा यांना व्यक्तिगत निरोपाने पाठवली आहेत.

अर्धाचमचा

वाचली. खादाडखान, बसून घ्या.

पाटीवर लिहिलंय ‘रान आहान ताम सांग’. रान म्हणजे दुकान. आहान लिहिताना ‘आहार’च लिहितात, शेवटचा र ते न म्हणून उच्चारतात. आपलाच आहार. ताम म्हणजे त्याप्रमाणे, आणि सांग म्हणजे सांगणं, ऑर्डर देणं. तर नाव झालं: ‘सांगाल तसा आहार मिळेल’. बँकॉकमध्ये हीच पाटी लावलेल्या खाणावळी प्रत्येक सोईत दोन तरी सापडतील.

अनुस्वार

‘सांग’ म्हणजे सांगणं!! योगायोग आहे, पण आजचा दिवस सत्कारणी लागला.

खादाडखान

म्हणजे नाव नाहीच? पुढच्या महिन्यात जातोय हो मी. आरीला उतरून नक्की कुठे, डावीकडे की उजवीकडे? काहीतरी खूण सांगा.

उलथनं

सोईत शिरल्यावर सरळ चालत राहा. बारा वाजता या. जिथे रस्त्यावरून जाणारी माणसंसुद्धा खोकताना दिसतील तिथे थांबा. तिसरं टेबल मिळालं तर पंख्याखालचं स्टूल धरा.